अमेरिकेत डॉक्टर व्हायचं, तर पदवीचं कॉलेज किती खर्चाचं असावं?



समोर बघितल्यावर लगेच कळतंय. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत ते वही-पेन घेऊन निवांत बसलेत, आणि ज्यांची बारावीत आहेत ते पुढे सरकून बसलेत. दोघांसाठीही बोलायचं आहे, पण खरं सांगायचं तर पहिल्या गटाला जास्त उपयोग होईल. कारण आजचा विषय निर्णयाचा असला, तरी त्याची तयारी दोन-तीन वर्षं आधीपासून करावी लागते.

विषय असा आहे: मुलाला किंवा मुलीला इथे अमेरिकेत डॉक्टर व्हायचं आहे. मेडिकल स्कूल महाग आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्याच्या आधीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी कोणतं कॉलेज निवडायचं, आणि त्यावर किती पैसे घालायचे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, मग ते का, ते बघू. पदवीचं कॉलेज हा या प्रवासाचा पहिला टप्पा आहे. तिथे दोन गोष्टी साधायच्या असतात. मुलाने चांगले गुण आणि अनुभव मिळवायचे, आणि घराची कर्ज काढायची ताकद पुढच्या टप्प्यासाठी शिल्लक ठेवायची. या दोन्ही गोष्टी जिथे जमतील ते कॉलेज चांगलं. त्याचं नाव मोठं असेल तर आनंदच आहे, पण नावासाठी यातली एकही गोष्ट सोडू नये.

रस्ता किती लांब आहे

आपल्या नातेवाइकांची इथे नेहमी गल्लत होते. महाराष्ट्रात मुलगी बारावी झाली, नीट दिली, की तिला थेट एमबीबीएसला प्रवेश. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. त्यामुळे इथली भाची बारावी झाली की पुण्याहून मावशीचा फोन येतो, ‘मेडिकलला लागला का नंबर?’ आता मावशीला कसं सांगणार की नंबर लागायला अजून किमान चार वर्षं आहेत!

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी. म्हणजे कमीत कमी अकरा वर्षं. शिवाय पदवीनंतर लगेच मेडिकलला न जाता मध्ये एक-दोन वर्षं काम किंवा संशोधन करणारी मुलं आता निम्म्याहून बरीच जास्त आहेत.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या, तेव्हा आधी पदवी हवी अशी अट नव्हती. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांचं एकविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. पुढे १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं, त्यांनी पदवीची अट घातली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल आला. त्यानंतर सुमार दर्जाची मेडिकल कॉलेजं बंद पडत गेली आणि ‘आधी कॉलेज, मग वैद्यक’ ही रीत हळूहळू पक्की झाली. दर्जा सुधारला यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा की घराला दोनदा फी भरावी लागते. पहिली फी ठरवताना दुसरी डोळ्यांसमोर ठेवली नाही, तर गडबड होते.

दुसरी फी केवढी?

राहणं-खाणं धरून चार वर्षांचा मेडिकल स्कूलचा एकूण खर्च सरकारी संस्थेत आपल्याच राज्यात पावणेतीन-तीन लाख डॉलरच्या घरात जातो. खासगी संस्थेत तो चार लाखांच्या जवळ पोचतो. कर्ज काढून शिकलेला डॉक्टर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर साधारण २ लाख डॉलर असतात.

आतापर्यंत पालक म्हणायचे, ‘मेडिकलचं काय, कर्ज मिळतंच.’ ते खरंही होतं. ग्रॅड प्लस नावाचं एक फेडरल कर्ज होतं, त्यात अभ्यासक्रमाचा उरलेला सगळा खर्च भागायचा. ते आता बदललं. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस बंद. वैद्यकसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. आईवडिलांच्या नावावर मिळणाऱ्या पेरेंट प्लस कर्जालाही मर्यादा आली. एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार.

आता तुम्हीच वजाबाकी करा. खर्च तीन लाख, फेडरल कर्ज दोन लाख. उरलेला एक लाख कुठून आणायचा? घरच्या पैशातून, शिष्यवृत्तीतून, नाहीतर खासगी कर्जातून. खासगी कर्जाला चांगला क्रेडिट स्कोअर लागतो, आणि बहुतेक वेळा आईवडिलांना हमीदार म्हणून सही करावी लागते. म्हणून पदवीच्या चार वर्षांत वाचवलेला डॉलर आता पूर्वीपेक्षा जास्त कामाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे ‘समजा’ म्हणून घेतलेत, पण असे आकडे घरोघरी समोर येतात. आपल्या राज्याच्या विद्यापीठात राहण्या-खाण्यासकट वर्षाला ३० हजार. दूरच्या नामांकित खासगी कॉलेजात ८५ हजार. फरक वर्षाला ५५ हजार. चार वर्षांत २ लाख २० हजार. मेडिकल स्कूलसाठी जेवढं फेडरल कर्ज मिळू शकतं, त्यापेक्षाही वीस हजार जास्त!

हा फरक कर्जाने भरला तर काय होतं? पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर फेडरल कर्ज चार वर्षांत फक्त २७ हजारांच्या आसपास मिळतं. बाकीचं पालकांच्या नावावर किंवा खासगी. समजा सात टक्के व्याजाचं खासगी कर्ज आहे आणि व्याज मुद्दलात मिसळत चाललंय. अशी रक्कम साधारण दहा वर्षांत दुप्पट होते. आणि दहा वर्षं म्हणजे पदवीच्या मध्यापासून रेसिडेन्सीपर्यंतचा काळ. त्यात मुलाची पहिली कमाई रेसिडेन्सीतली, वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास. तेवढ्यात घरभाडं, गाडी, आणि हे हप्ते. असं कर्ज डोक्यावर असलं की मुलं शाखा निवडतानाही पगाराकडे बघायला लागतात. बालरोग किंवा फॅमिली मेडिसिन आवडत असूनही मन दुसरीकडे वळतं.

कोणी म्हणेल, फी माफ करणारी मेडिकल स्कूलही आहेत की. आहेत. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये शिकवणी फी माफ केली. ब्रॉन्क्समधल्या आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजने २०२४ मध्ये रूथ गॉटस्मन यांच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीतून तेच केलं. त्याच वर्षी मायकेल ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्सने ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांची फी माफ केली. चांगलीच गोष्ट आहे, पण तिथल्या जागा थोड्या आणि स्पर्धा प्रचंड. तिथे प्रवेश मिळाला तर पेढे वाटा. घराचा हिशेब मात्र त्यावर मांडू नका.

नावाचं वजन किती?

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. ‘ते सगळं ठीक आहे, पण मोठ्या नावाच्या कॉलेजातून गेलं तर मेडिकलला प्रवेश सोपा होत नाही का?’

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते. एका बाजूला पदवीचा जीपीए, दुसऱ्या बाजूला एमकॅट परीक्षेचे गुण, आणि प्रत्येक चौकोनात किती अर्जदारांना प्रवेश मिळाला त्याची टक्केवारी. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ यांमध्ये असतात. जीपीए ३.८ च्या आसपास किंवा वर आणि एमकॅट ५१७ च्या वर असलेल्यांपैकी दहात आठांना कुठे ना कुठे प्रवेश मिळतो. दोन्ही आकडे खाली आले की टक्केवारीही झपाट्याने खाली येते. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी जीपीए ३.८ च्या आणि एमकॅट ५१२ च्या आसपास असते. हा तक्ता घरी जाऊन जरूर बघा. त्यात कॉलेजच्या नावाचा रकाना नाही.

दुसरी गोष्ट. मेडिकलला सर्वाधिक अर्जदार कुठून येतात, त्याचीही यादी निघते. वर्षानुवर्षं तिच्यात यूसीएलए, फ्लोरिडा विद्यापीठ, ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, मिशिगन अशी मोठी सरकारी विद्यापीठं वर दिसतात. ती यादी अर्जदारांची आहे, प्रवेश मिळालेल्यांची नाही, हे लक्षात ठेवा. पण सरकारी विद्यापीठातून मेडिकलला अर्ज करणं ही काही अपवादाची गोष्ट नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्रातली. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामवंत कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नामवंत कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई साधारणपणे नामवंत कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. याचा अर्थ, हुशारी आणि मेहनत मुलं स्वतःबरोबर घेऊन जातात. गरीब घरातल्या मुलांना मात्र नामवंत कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. हा अभ्यास कमाईचा आहे, मेडिकल प्रवेशाचा नाही. पण ‘मोठ्या कॉलेजात नाही घातलं तर मुलाचं नुकसान होईल’ या आपल्या भीतीला त्यातून बरंचसं उत्तर मिळतं.

नावाला शून्य किंमत आहे असं मी म्हणणार नाही. काही खासगी मेडिकल स्कूल कॉलेजचा दर्जा बघतात. कठीण कॉलेजातला ३.७ आणि सोप्या कॉलेजातला ३.७ यांत फरक करणारे परीक्षकही असतात. पण कठीण कॉलेजात जाऊन ३.३ झाला, तर तो फरक नाव भरून काढत नाही. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात सगळेच आपल्या शाळेचे पहिले-दुसरे असतील आणि गुण एकमेकांच्या तुलनेत दिले जात असतील, तर चांगल्या मुलालाही बी मिळतो. असे तीन-चार बी लागले की मेडिकलची वाट अरुंद होते.

पाटीवरची किंमत आणि खरी किंमत

‘परवडणारं म्हणजे सरकारी’ असंही लगेच ठरवू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर जी फी दिसते ती पाटीवरची किंमत. तुम्हाला खरोखर किती भरावे लागतील ते वेगळं असतं. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावा लागतो. उत्पन्न, बचत, घरातली माणसं ही माहिती भरली की अंदाजे आकडा मिळतो. वीस मिनिटांचं काम आहे. अर्ज करण्याआधी करा.

हार्वर्डचंच घ्या. २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि साधारण बचत असलेल्या घराला तिथे राहण्या-खाण्यासकट शिक्षण मोफत, आणि २ लाखांपर्यंत शिकवणी फी माफ. म्हणजे एका पगारावर चालणाऱ्या घराला हार्वर्ड हे राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतं! अशा घरातल्या हुशार मुलाने पाटीवरची किंमत बघून अर्जच न करणं हे मोठं नुकसान आहे.

पण इथे बसलेल्या बऱ्याच घरांत दोघंही नोकरी करतात, आयटीत किंवा औषध कंपन्यांत. उत्पन्न अडीच-तीन लाख. गरजेवर आधारित मदत मिळायला ते जास्त, आणि वर्षाला ८५ हजार रोख भरायला कमी, त्यातून घराचा हप्ता आणि गावी आईवडिलांची जबाबदारी. आपली खरी अडचण ही आहे. या घरांनी गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीकडे बघावं. हार्वर्ड, येल अशी आयव्ही लीगची कॉलेजं गुणवत्तेची शिष्यवृत्ती देत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. देतात ती त्यांच्या खालोखालची खासगी कॉलेजं आणि सरकारी विद्यापीठं.

फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स शिष्यवृत्तीच्या वरच्या पातळीवर राज्याच्या विद्यापीठाची पूर्ण शिकवणी फी मिळते. जॉर्जियात होप आणि झेल मिलर आहेत. न्यूयॉर्कमध्ये सिटी युनिव्हर्सिटीचं मॅकॉले ऑनर्स कॉलेज राज्यातल्या रहिवासी विद्यार्थ्यांची शिकवणी फी भरतं. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट यासारखी ऑनर्स कॉलेजं मोठ्या विद्यापीठात लहान वर्ग, राहण्याची वेगळी सोय आणि विषय निवडताना प्राधान्य देतात. पत्र आलं की एक ओळ शोधून वाचा. शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी किती जीपीए लागतो? ३.० असेल तर ठीक. ३.५ असेल तर विज्ञानाच्या पहिल्या वर्षात ती निसटू शकते, त्याचा विचार आधी करा.

राज्याचा मुद्दा मेडिकल स्कूललाही लागू आहे. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलमधल्या बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांवर दहा टक्क्यांची मर्यादाच आहे. मूल पदवीसाठी दुसऱ्या राज्यात गेलं तरी साधारणपणे ते पालकांच्याच राज्याचं रहिवासी मानलं जातं. म्हणून तुम्ही कोणत्या राज्यात राहता आणि तिथे सरकारी मेडिकल स्कूल किती आहेत, हे आजच बघून ठेवा.

कॉलेजला काय विचारायचं?

भेटीच्या दिवशी आपण वाचनालय बघतो, जेवणघर बघतो, फोटो काढतो. प्री-मेडच्या पालकांनी आणखी पाच प्रश्न विचारावेत. लिहून घ्या.

एक. ‘तुमच्या किती विद्यार्थ्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो?’ उत्तर येईल, ‘पंच्याऐंशी टक्के.’ मग लगेच विचारा, ‘कितींपैकी?’ काही कॉलेजांत एक समिती अर्जदाराला शिफारसपत्र देते, आणि कमी गुणांच्या मुलांना आधीच ‘यंदा अर्ज करू नका’ असं सांगते. शंभर मुलांनी प्री-मेड म्हणून सुरुवात केली, वीसच अर्जापर्यंत पोचली आणि त्यातल्या सतरांना प्रवेश मिळाला, तरी आकडा पंच्याऐंशी टक्केच होतो! उरलेल्या ऐंशींचं काय झालं, ते विचारा.

दोन. ‘आवश्यक विषयांत वेळेवर जागा मिळते का?’ जीवशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे प्रयोगशाळेसकट विषय बहुतेक मेडिकल स्कूल मागतात. गर्दीच्या विद्यापीठात सेंद्रिय रसायनाची जागा एका सत्रात हुकली की सगळं पुढे ढकललं जातं. पाचवं वर्ष लागलं, तर स्वस्त कॉलेज स्वस्त राहत नाही.

तीन. ‘हॉस्पिटल किती लांब?’ डॉक्टरांबरोबर राहून काम बघणं, स्वयंसेवा करणं, स्क्राइब किंवा ॲम्ब्युलन्सवर ईएमटीचं काम करणं, हे सगळं अर्जात लागतं. बसने किंवा चालत जाता येत असेल तर उत्तम. नाहीतर गाडी, विमा आणि पेट्रोल हेही कॉलेजच्या खर्चातच धरा.

चार. ‘पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घेतात का, आणि प्राध्यापक नावाने ओळखतात का?’ शिफारसपत्र ओळखीवर लिहिलं जातं. पाचशेच्या वर्गात मुलाने स्वतः जाऊन प्राध्यापकांना भेटायची सवय लावावी लागते. लाजरं मूल असेल तर लहान कॉलेज किंवा ऑनर्स कॉलेज बरं.

पाच. ‘एपीचे क्रेडिट कसे धरता?’ आपल्या मुलांना दहा-दहा एपी असतात आणि आपण म्हणतो, तीन वर्षांत पदवी उरकू. पण बरीच मेडिकल स्कूल विज्ञानाचे विषय कॉलेजातच केलेले बघायला मागतात. इतिहास, अर्थशास्त्र असे विषय एपीने सुटले तर सोडवा. विज्ञानात एपी वापरलं तर त्याच विषयाचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम घ्या.

जाता जाता एक सावधगिरी. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्स मेडिकलच्या अर्जात पदवीच्या जीपीएमध्ये धरले जातात. ‘गंमत म्हणून’ अकरावीत घेतलेल्या कोर्सात सी पडला, तर तो मागे लागतो. आणि थेट दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग विद्यापीठात जायचं असेल, तर तोही पैसे वाचवण्याचा रास्त मार्ग आहे. फक्त विज्ञानाचे वरचे अवघड विषय चार वर्षांच्या विद्यापीठात घेऊन तिथेही चांगले गुण दाखवावे लागतात.

व्हिसावर असलेल्या घरांसाठी

हे वेगळं सांगायला हवं, कारण हा मुद्दा उशिरा कळतो. एच-४ वर असलेल्या मुलांना फेडरल मदत आणि फेडरल कर्ज मिळत नाही. बऱ्याच राज्यांत अटी पूर्ण केल्या तर त्यांना रहिवाशांची फी लागते. पण एकविसावं वर्ष पुरं झालं की एच-४ संपतो, आणि तो दिवस बरोबर कॉलेजच्या मध्यात येतो. मग बहुधा एफ-१ वर जावं लागतं, आणि काही ठिकाणी फी बदलू शकते. कॉलेजला हा प्रश्न ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शिवाय अनेक मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या घरांनी पदवीवर कमीत कमी खर्च करावा, आणि नोकरी मिळवून देणारा मुख्य विषय निवडावा. वकिलाचा सल्ला नववीतच घ्यावा.

मन बदललं तर?

अठराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणणारी बरीच मुलं विसाव्या वर्षी दुसरंच काही म्हणतात. यात हार वगैरे काही नाही. म्हणून ज्या कॉलेजात फक्त प्री-मेड चांगलं आहे, त्यापेक्षा जिथे संगणकशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, अर्थशास्त्र असे चार दरवाजे उघडे आहेत ते निवडा. कर्ज कमी असलं की मूल मोकळेपणाने मन बदलू शकतं. वर्षाला ८५ हजार भरल्यावर ‘मला हे नको’ म्हणायची मुलांना भीती वाटते.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंची चिठ्ठी आहे: ‘मुलीला राज्याच्या विद्यापीठात ऑनर्ससह शिष्यवृत्ती मिळाली आहे, आणि एका नामांकित खासगी कॉलेजातही प्रवेश मिळाला आहे. ती खासगीचाच हट्ट धरून बसली आहे. काय करू?’

ताई, आधी तिला आकडे दाखवा. आपण मुलांपासून पैशाच्या गोष्टी लपवतो आणि मग त्यांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा करतो. दोन्ही कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च कागदावर मांडा. तिच्या नावाने ५२९ खातं असेल, तर त्यात उरलेले पैसे मेडिकल स्कूललाही वापरता येतात, हे तिला सांगा. ‘वाचलेली रक्कम तुझ्याच मेडिकलची’ असा शब्द द्या आणि तो पाळा. खासगी कॉलेजला दुसऱ्या कॉलेजचं पत्र दाखवून मदत वाढवता येईल का, तेही विचारा. कधीकधी वाढते. शेवटी फरक तुम्हाला कर्जाशिवाय झेपणारा असेल आणि तिचं मन तिथेच असेल, तर जाऊ द्या. जिथे मन लागतं तिथे अभ्यासही होतो.

मागे बसलेले काका विचारताहेत: ‘नातवाला भारतात एमबीबीएसला पाठवलं तर?’

काका, वर्षं वाचतात हे खरं. पण परत येऊन इथल्या परीक्षा देऊन रेसिडेन्सी मिळवावी लागते. अमेरिकेतून एमडी होणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना रेसिडेन्सी मिळते. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांमध्ये हे प्रमाण साधारण दोन तृतीयांश आहे. त्यातून ओसीआय मुलांना बहुधा एनआरआय कोट्यातली महागडी जागा घ्यावी लागते. नातवाला तिकडेच राहून काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी. स्वस्त पडेल म्हणून पाठवायचं असेल, तर आधी पूर्ण हिशेब करा.

आणि ही एका विद्यार्थिनीची चिठ्ठी: ‘मला इंग्रजी साहित्य मुख्य विषय घ्यायचा आहे. चालेल का?’

चालेल. मुख्य विषय कोणताही असू दे, आवश्यक विज्ञानाचे विषय आणि एमकॅट चांगले झाले म्हणजे झालं. आवडीच्या विषयात गुणही चांगले पडतात. घरी सांगायला अवघड वाटलं, तर माझं नाव सांग.

आज रात्री सगळ्यांनी एक काम करा. एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कॉलेज, दुसऱ्यात चार वर्षांची खरी किंमत, तिसऱ्यात मेडिकल स्कूलसाठी घराकडे काय उरेल. पाच कॉलेजं भरा, आणि कागद मुलासमोर ठेवून दोघांनी मिळून बोला. नववी-दहावीची मुलं आहेत त्यांनी दरवर्षी तोच कागद पुन्हा भरावा, कारण उत्पन्न, नियम आणि मुलांची मनं, तिन्ही बदलत राहतात.